इंग्लंडच्या गॅस्ट्रोपबात बेळगावकराचं जेवण

टिळकवाडी, शहापूर, खानापूर, निपाणी, कुठेही विचारा, ओळखीतल्या एखाद्या घरातला मुलगा नाहीतर लेक-जावई हल्ली लंडनला, लेस्टरला किंवा रेडिंगला असतात. आईवडील व्हिजिटर व्हिसावर जातात आणि एखाद्या रविवारी मुलं त्यांना पबमध्ये जेवायला नेतात. ते जेवण बऱ्याचदा फसतं. जेवण सपक, बिअर कोमट, टेबलाशी कुणी विचारायला येत नाही, अशा तक्रारी घेऊन मंडळी परत येतात. आमचं मत याच्या उलट आहे. चांगल्या गॅस्ट्रोपबात फार उत्तम जेवता येतं, मात्र कुठल्या वारी आणि किती वाजता गेलात यावर जवळजवळ सगळं ठरतं. आपल्या खानावळीतला दुपारी साडेबाराचा मटण-रस्सा आणि रात्री दहाला उरलेला रस्सा यांत जो फरक असतो, तोच इथेही असतो. फक्त इथे तो आधी कुणी सांगत नाही.

गॅस्ट्रोपब म्हणजे जेवणाकडे हॉटेलाइतकंच लक्ष देणारा, पण पबचं मोकळेपण ठेवणारा पब. सुरुवात लंडनच्या फॅरिंग्डन रोडवरच्या 'द ईगल'पासून धरतात. मायकेल बेल्बेन आणि डेव्हिड आयर यांनी तो 1991 मध्ये घेतला, बारच्या मागेच उघडं स्वयंपाकघर मांडलं आणि रोजचे पदार्थ फळ्यावर खडूने लिहायला सुरुवात केली. हे तेव्हाच का जमलं, त्याला कारण आहे. 1989 च्या सरकारी आदेशाने दोन हजारांहून जास्त पब बाळगणाऱ्या दारूभट्टी कंपन्यांना जास्तीच्यांपैकी निम्मे पब मोकळे करावे लागले, आणि हातात थोडे पैसे असलेल्या स्वयंपाक्यांना भाड्याने पब मिळू लागले. पुढे ही पद्धत इतकी रुजली की थेम्सकाठच्या मार्लो गावातल्या 'हँड अँड फ्लॉवर्स' या पबला मिशलिन या नावाजलेल्या हॉटेल-मार्गदर्शिकेचे दोन तारे मिळाले. तिथवर जायची गरज नाही. मुलांच्या घराजवळचा, रोज बदलणारा छोटा मेन्यू असलेला पब पुरतो. मेन्यूत मुख्य पदार्थ सात-आठच असतील तर ते स्वयंपाकघर ताजं रांधतं. बर्गर, पास्ता, थाई करी आणि फाहिता एकाच कार्डावर दिसले, तर बहुतेक माल फ्रीझरमधून येतो असं धरून चाला.

आता वेळेचं. आपण रात्री नऊला घरातून निघतो. तिथे नऊ-साडेनऊला स्वयंपाकघर बंद होतं. पब अकरापर्यंत उघडा असला तरी जेवण मिळत नाही, शेंगदाणे आणि क्रिस्प्स, म्हणजे बटाट्याचे वेफर्स, मिळतात. दुपारचं जेवण साधारण बारा ते अडीच-तीन, रात्रीचं सहा ते नऊ. रविवारी मात्र बारापासून चार-पाचपर्यंत सलग, आणि माल संपला की त्याआधीच बंद. सोमवारी अनेक ठिकाणी स्वयंपाकघराला सुट्टीच असते. मंगळवारी-बुधवारी जेवण ठीक, गुरुवार ते शनिवार चांगलं, आणि रविवारची दुपार सगळ्यांत मोठी. नोंदणी न करता रविवारी गेलात तर बाहेर बाकावर बसून पाऊस बघावा लागेल.

रविवारचा रोस्ट हाच या जागांचा खरा कस. ताटात भाजलेल्या मांसाच्या जाड चकत्या, भाजलेले बटाटे, यॉर्कशायर पुडिंग, दोन-तीन भाज्या आणि वरून ग्रेव्ही. नोंदणी करताना साडेबारा ते दीडची वेळ मागा. तीन वाजता तेच ताट निम्म्या चवीचं होतं. मांसाचा मोठा तुकडा सकाळी भट्टीत जातो, बाहेर आल्यावर अर्धा तास तसाच ठेवतात म्हणजे रस आत मुरतो, आणि मग कापायला घेतात. पहिल्या तासात मिळणाऱ्या चकत्या मधे गुलाबी आणि रसाळ असतात. साडेतीनला उरलेल्या चकत्या गरम ग्रेव्हीत बुडवून वाढतात. त्या राखाडी आणि दोरीसारख्या होतात. बटाट्यांचंही तसंच. मॅरिस पायपर किंवा किंग एडवर्ड जातीचे बटाटे मिठाच्या पाण्यात आठ-दहा मिनिटं उकडायचे, निथळून वाफ जाऊ द्यायची, भांडं हलवून कडा खरबरीत करायच्या आणि सुमारे 200 अंशांच्या भट्टीत कडकडीत चरबीत पाऊण-एक तास भाजायचे. बाहेरून काचेसारखं कुरकुरीत, आतून पिठूळ. हा कुरकुरीतपणा अर्धा तासच टिकतो. दिव्याखाली ठेवलेले बटाटे चामट होतात, आणि पब आळशी आहे का हे बटाट्यावरूनच कळतं.

यॉर्कशायर पुडिंग गोड नसतं. अंडी, दूध आणि मैदा सारख्याच मापाने घेऊन केलेलं पातळ पीठ, धूर येईपर्यंत तापलेल्या चरबीत ओतून 220 अंशांवर फुगवतात. पहिल्या वीस मिनिटांत भट्टीचं दार उघडलं की ते बसतं. ताटात आलेलं पुडिंग बशीसारखं चपटं आणि तेलकट असेल तर चरबी पुरेशी तापली नव्हती. उंच, पोकळ, कडा कोरड्या आणि तळ किंचित मऊ, असं असलं की त्याच्या खोबणीत ग्रेव्ही ओतून खायचं.

मटण खाणाऱ्यांनी लँब मागवताना एक लक्षात ठेवावं. आपल्याकडे मटण म्हणजे बोकडाचं. तिथे लँब म्हणजे वर्षाच्या आतलं मेंढरू, त्यामुळे मांस कोवळं आणि चव मवाळ. तंगडीच्या चकत्या मागवल्यात तर आपल्या जिभेला त्यात मटण सापडत नाही. खांद्याचा भाग मागवा, 'स्लो-कुक्ड शोल्डर'. चार-पाच तास मंद आचेवर शिजवलेला हा भाग चमच्याने हाडापासून सुटतो, आणि हाडाजवळची चव आपल्या ओळखीची असते. मात्र मेंढीची चरबी पटकन गोठते आणि टाळूला चिकटते. ताट गरम आलं नाही तर ते परत पाठवून गरम मागायला लाजू नका, आणि या ताटासोबत बर्फगार लागर बिअर घेऊ नका. पोर्कच्या ताटात वरचं कातडं, क्रॅकलिंग, कडकडून फुटलं पाहिजे. दाताला चिवट लागलं तर ते कातडं नीट वाळवलेलं नव्हतं.

बीफ न खाणाऱ्यांसाठी एक मोठा खड्डा आहे, आणि तो मेन्यूवर लिहिलेला नसतो. तुम्ही चिकन रोस्ट मागवलंत तरी ग्रेव्ही अनेकदा एकाच मोठ्या भांड्यातली असते आणि तिचा पाया गाईच्या हाडांचा असतो. बटाटे आणि यॉर्कशायर पुडिंग 'बीफ ड्रिपिंग'मध्ये, म्हणजे गाईच्या चरबीत केलेले असू शकतात. काही ठिकाणी चिप्स, म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या जाड फोडी, याही त्याच चरबीत तळतात आणि ते अभिमानाने सांगतात. म्हणून ऑर्डर देतानाच तीन गोष्टी विचारा: ग्रेव्ही कशाची, बटाटे कशात भाजले, चिप्स कशात तळले. चिकनच्या ताटाला भाज्यांची वेगळी ग्रेव्ही बहुतेक ठिकाणी देतात, फक्त मागावी लागते.

शाकाहारी घरांसाठी तर याहून जास्त जपायला हवं. तिथल्या 'व्ही' खुणेत अंडं चालतं. आपल्याकडच्या शुद्ध शाकाहारी माणसाने 'व्हीगन' खूण बघावी. दूध-लोणी जातं, पण अंडं नसल्याची खात्री होते. चेडर, स्टिल्टन यांसारख्या चीजमध्ये दूध फाटवायला घातलेलं, वासराच्या पोटातलं रेनेट असू शकतं, पार्मेझानमध्ये तर ते असतंच. वूस्टर सॉसमध्ये अँकोव्ही मासे असतात, आणि तो चीज टोस्टवर हमखास शिंपडतात. 'पाय' (pie) म्हणजे कणकेच्या आवरणात सारण भरून भाजलेला पदार्थ; त्याच्या किंवा वाफवलेल्या पुडिंगच्या कणकेत 'सूएट' ही जनावराची चरबी असू शकते. पॅनाकोटा या मलईच्या गोड पदार्थात जिलेटिन असतं. कास्क एल, म्हणजे पारंपरिक पिंपातली बिअर, निवळण्यासाठी माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून काढलेलं आयसिंगग्लास वापरतात. गिनीजने ते बंद केलं आहे, आणि बिनमाशाची बिअर कुठली ते बारवर विचारलं की सांगतात. चौदा प्रकारच्या अ‍ॅलर्जी घटकांची माहिती देणं तिथे कायद्याने बंधनकारक आहे. अंडं, दूध, मासे हे त्या यादीत आहेत, त्यामुळे 'अ‍ॅलर्जन शीट' मागितलं की अर्धी चौकशी तिथेच संपते. रेनेट आणि चरबी मात्र त्या यादीत नसतात, ती तोंडी विचारावीच लागते. काय खावं? मशरूम किंवा भोपळ्याचं वेलिंग्टन (पापुद्र्याच्या कणकेत गुंडाळून भाजलेलं), नट रोस्ट, आणि सोबतीला एक कॉलिफ्लॉवर चीज. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी आणि जैनांनी जेवणाच्या वेळी जाऊच नये. दुपारी चारला जाऊन चहा, किंवा चालत असेल तर सायडर (सफरचंदाची दारू) घ्यावी आणि घरी जेवावं.

तिखटाचं काय, हा प्रश्न पहिल्याच घासाला येतो. टबास्कोची बाटली मागू नका, तिच्या आंबटपणाने ग्रेव्ही बिघडते. 'इंग्लिश मस्टर्ड' मागा, फ्रेंच नको. मोहरीची पूड गार पाण्यात कालवून दहा मिनिटं ठेवली की तिचा झणका चढतो. गरम पाणी घातलं तर तो मरतो. आपल्या आज्ज्या लोणच्यासाठी मोहरी फेसायच्या, तेच हे. बीफ खाणाऱ्यांना 'हॉर्सरॅडिश' हे तिखट मूळ मिळतं, ते नाकात जातं. पण मलई घातलेलं मवाळ हॉर्सरॅडिश आणि ताजं किसलेलं यांत जमीन-अस्मानाचा फरक, म्हणून 'फ्रेश ग्रेटेड' आहे का विचारा. पबमधली करी मात्र टाळावी. करीसाठी तिथे वेगळी आणि चांगली हॉटेलं आहेत.

फिश अँड चिप्सबद्दल थोडक्यात. कारवार-मालवणचा रव्यातला बांगडा डोक्यात ठेवून गेलात तर निराशा होईल, कारण माशाला मसाला लावलेला नसतो. कॉड किंवा हॅडॉकचा बिनकाट्याचा मोठा तुकडा, बिअर घातलेल्या पिठात बुडवून सुमारे 180 अंशांवर तळलेला. बिअरमधल्या वायूने आवरण हलकं होतं, आणि मासा आत स्वतःच्या वाफेवर शिजतो. हॅडॉकला चव जास्त. ताट समोर आलं की आधी मासा खा, कारण चिप्सवर पडून राहिला की खालची बाजू वाफेने लिबलिबीत होते. शुक्रवारी मागवा, सोमवारी नको. रविवारी बाजार बंद असतो आणि सोमवारचा मासा बहुधा शनिवारचा असतो. सोबतच्या हिरव्या 'मशी पीज' म्हणजे रात्रभर सोडा घालून भिजवलेल्या सुक्या वाटाण्याचा गरगट. त्यावर माल्ट व्हिनेगर आणि मीठ हवंच.

'पाय' (pie) मागवताना एकच प्रश्न विचारा: खाली आणि बाजूने कणीक आहे ना? अनेक ठिकाणी वाटीत स्टू भरून वर फुगीर पापुद्र्याचं झाकण ठेवतात आणि त्याला पाय म्हणतात. त्याचे पैसे देणं जिवावर येतं. हिवाळ्यात फेजंट हा शिकारीचा पक्षी मेन्यूवर दिसेल, त्याच्या शिकारीचा हंगाम इंग्लंडात 1 ऑक्टोबर ते 1 फेब्रुवारी. मांस कोरडं पडू शकतं, शिवाय छर्रे राहिलेले असतात; हळू चावा, दाताला जपा. स्कॉच एग म्हणजे अंड्याभोवती पोर्कचा खिमा, आणि बारवर मिळणारे 'पोर्क स्क्रॅचिंग्ज' म्हणजे तळलेलं डुकराचं कातडं. चाकणा समजून सगळ्यांसमोर ठेवू नका.

आता बिअर. 'कोमट' म्हणून जिची बदनामी होते ती कास्क एल तळघरात 11 ते 13 अंशांवर ठेवलेली असते. ती पिंपात शेवटपर्यंत जिवंत असते, तिथेच दुसऱ्यांदा आंबते, आणि बाहेरचा वायू न दाबता हातपंपाने ओढून काढतात. फार गार केली तर माल्ट आणि हॉप्सची चव झाकून जाते. ही पद्धत मोठ्या कंपन्यांच्या रेट्यात नाहीशी व्हायला आली होती. ती टिकवण्यासाठी 1971 मध्ये 'कॅमरा' ही ग्राहकांची संघटना उभी राहिली. एका फर्किन पिंपात 72 पाइंट मावतात. पिंपाला तोटी लागली की आत हवा जाते, आणि तीनेक दिवसांत बिअर संपली नाही तर ती आंबूस होते. म्हणून आठ हातपंपांचा गजबजाट असलेल्या रिकाम्या पबपेक्षा दोन पंपांचा भरलेला पब बरा. पंपावरची पाटी उलटी फिरवलेली असेल तर ती बिअर संपली आहे. घेण्याआधी चव मागा, घोटभर फुकट देतात. सिरक्यासारखा वास आला किंवा पाण्यासारखी सपाट लागली, तर दोन घोट घेऊनच परत करा. भांडण होत नाही, दुसरी देतात. अर्धा ग्लास पिऊन परत केलीत तर मात्र कुणी ऐकणार नाही. ज्यांना थंडगारच हवी त्यांनी सरळ लागर किंवा सायडर घ्यावी.

मापाचा घोळ इथे हमखास होतो. आपल्या बारमध्ये पाइंट म्हणजे 330 मिलिची बाटली. तिथला पाइंट 568 मिलि, हाफ 284 मिलि. ग्लास मोठा दिसला तरी घाबरू नका. बिटर एल साधारण चार टक्क्यांची असते, म्हणजे एका पाइंटात जेमतेम 23 मिलि अल्कोहोल. आपल्याकडची आठ टक्क्यांची 650 मिलिची स्ट्राँग बाटली घेतली तर त्यात 52 मिलि जातं. व्हिस्कीत उलटं होतं. आपला छोटा पेग 30, मोठा 60. तिथला सिंगल 25 किंवा 35, आणि तो भांड्यातून मोजूनच देतात. 'डबल' म्हटल्याशिवाय डबल मिळत नाही. क्वार्टर हा प्रकार नाही. सोड्याचे पैसे वेगळे, नळाचं पाणी मात्र फुकट द्यायला ते बांधील आहेत. 'टॅप वॉटर' म्हणा, नाहीतर बाटली फोडून आणतील. वाइनचा 'लार्ज' ग्लास 250 मिलिचा, म्हणजे बाटलीचा तिसरा हिस्सा.

ऑर्डर बहुतेक ठिकाणी बारवर जाऊन द्यावी लागते. टेबलाचा नंबर पाठ करा, मग काउंटरवर उभे राहा. रांग दिसत नाही, पण कोण आधी आलं हे बारवाल्याला आणि शेजारच्यांना बरोबर माहीत असतं. नोट फडकवली किंवा चुटकी वाजवली तर तुमचा नंबर मागे जातो. दारूचे पैसे लगेच, जेवणाचे 'टॅब'वर, म्हणजे शेवटी एकत्र दिले तरी, चालतात. चार जण एकत्र असतील तर राउंडची पद्धत: प्रत्येकाने एकदा सगळ्यांसाठी आणायचं. आपला राउंड चुकवलेला तिथे कुणी विसरत नाही. तरुण दिसणाऱ्या सुनेला-जावयाला पंचविशीच्या आतले समजून ओळखपत्र मागतात, पासपोर्ट बरोबर असू द्या. लहान मुलं जेवणाच्या खोलीत चालतात, रात्री आठ-नऊनंतर बऱ्याच ठिकाणी नाही. कुत्रे टेबलाखाली झोपलेले असतात. भीती असेल तर नोंदणी करतानाच सांगा.

रोस्टचं ताट लंडनबाहेर साधारण 18 ते 25 पौंडांना, लंडनात त्याहून महाग. रुपयात हिशोब करत बसलात तर घास उतरणार नाही. पण ताट दोन म्हाताऱ्या माणसांना पुरेल एवढं मोठं असतं, आणि जादा रिकामी बशी मागितली तर देतात. किमतीत व्हॅट आधीच धरलेला असतो, वरून काही चढत नाही. टेबलावर वाढणाऱ्या ठिकाणी बिलात 10 ते 12.5 टक्के सेवाशुल्क येतं. ते ऐच्छिक आहे. सेवा वाईट असेल तर शांतपणे काढायला सांगता येतं. चांगली असेल तर ठेवा, कारण 1 ऑक्टोबर 2024 पासून टिपेचा सगळा पैसा कामगारांना देणं मालकावर बंधनकारक झालं आहे. बारवर नुसती बिअर घेतली तर टिप अपेक्षित नसते.

गोडाची ऑर्डर रोस्टबरोबरच सांगून ठेवा, कारण रविवारी अडीचपर्यंत 'स्टिकी टॉफी पुडिंग' संपतं. उकळत्या पाण्यात सोडा घालून खजूर भिजवतात, तो कुस्करून केकच्या पिठात घालतात आणि वरून लोणी, मलई आणि गडद साखरेचा गरम सॉस ओततात. कुंद्यावर वाढलेल्या बेळगावकरालासुद्धा ते गोड लागेल, म्हणून दोघांत एक पुरे. अंडं चालत असेल तर आइस्क्रीमऐवजी कस्टर्ड मागा, आणि ते वेगळ्या भांड्यात आणायला सांगा. वरून ओतून आणलं की टेबलावर येईपर्यंत त्यावर साय धरते आणि सॉसचा गरमपणा निघून जातो.